फ्लश टाकीचं हँडल काढून बटन बसवायचं असेल तर

कमोडच्या टाकीचं हँडल ढिलं झालं, दोन-तीनदा दाबल्याशिवाय पाणी सुटेना झालं, की घरात विषय निघतोच: हे काढून बटनच बसवून घेऊ. काम घरी करता येण्यासारखं आहे. अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि सॅनिटरीचं दुकान उघडं असेल अशी वेळ निवडा, कारण एखादा वॉशर आणायला पुन्हा जावं लागतंच. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वरून दिसायला आपण हँडलच्या जागी बटन लावतो. प्रत्यक्षात टाकीच्या तळाशी पाणी अडवून धरणारी सगळी यंत्रणा बदलतो. हे काम नीट झालं की नाही, ते तळाच्या एका रबरी वॉशरवर ठरतं.

आधी टाकी उघडून आत काय आहे ते बघा

आपल्याकडच्या हँडलच्या टाक्यांमध्ये, विशेषतः भिंतीवर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्यांमध्ये, बहुधा सायफन असतो. हँडल दाबलं की सायफनमधली चकती पाण्याचा लोट वर उचलते आणि उलट्या वळलेल्या नळीवरून पलीकडे टाकते. एकदा धार सुरू झाली की मागचं पाणी आपोआप ओढलं जातं, आणि पातळी खाली जाऊन हवा शिरली की धार तुटते. या रचनेत तळाशी झडपच नसते. पाण्याला बाहेर पडण्याआधी वर चढावं लागतं. त्यामुळे सायफन जुना झाला तर नीट उचलत नाही, पण भांड्यात गुपचूप पाणी सोडत बसत नाही. ब्रिटनमध्ये तर याच कारणासाठी २००१ सालापर्यंत घरगुती टाक्यांना सायफनच लागत असे, तळाशी झडप असलेल्या टाक्यांना त्यानंतर परवानगी मिळाली.

दुसरा प्रकार म्हणजे साखळीनं उचलली जाणारी रबरी झडप. हँडलला साखळी, साखळीला झडप. ही यंत्रणा बटनाच्या यंत्रणेची जवळची नातलग आहे, त्यामुळे इथे बदल सोपा जातो.

बटनाच्या टाकीत तळाच्या भोकावर एक उभा व्हॉल्व्ह बसतो. त्याच्या बुडाशी सिलिकॉनचा किंवा रबराचा गोल वॉशर असतो. बटन दाबलं की व्हॉल्व्ह वर उचलला जातो, पाणी थेट खाली पडतं, आणि व्हॉल्व्ह परत बसला की वॉशर भोक बंद करतो. लहान बटन दाबलं तर तो लवकर बसतो, मोठं दाबलं तर उशिरा. दोन मापांच्या फ्लशची ही युक्ती १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा कंपनीनं बाजारात आणली. तेव्हा मापं ११ आणि साडेपाच लिटर होती. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच किटवर ६ आणि ३ लिटर लिहिलेलं दिसेल.

बदल खरंच हवा आहे का

हँडल आणि सायफन यांना जोडणारा तारेचा आकडा तुटला असेल, किंवा सायफनमधली पातळ प्लॅस्टिकची चकती फाटली असेल, तर तेवढंच बदलून टाकी पुढे कित्येक वर्षं चालते. निव्वळ हँडल मोडलं असेल तर हँडलच आणा.

घरात संधिवाताचं माणूस असेल तर जास्त विचार करा. हँडल तळहातानं किंवा मनगटानंही खाली ढकलता येतं, बटनाला बोटाचा जोर लागतो. अशा घरी बटन घ्यायचंच असेल तर रुंद पट्टीचं घ्या, आणि दुकानातच दाबून बघायला लावा.

पाण्याचा हिशेब मात्र बटनाच्या बाजूनं आहे. समजा घरात चार माणसं आहेत आणि प्रत्येकाचे दिवसाला पाच फ्लश, म्हणजे एकूण वीस. जुनी टाकी १० लिटरची असेल तर २०० लिटर पाणी गेलं. बटनाच्या टाकीत चार मोठे फ्लश ६ लिटरचे आणि सोळा छोटे ३ लिटरचे धरले तर ७२ लिटर. रोजची १२८ लिटरची बचत. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायटीला हा आकडा काय असतो ते सांगायला नको.

आता उलटी बाजू. बुडाच्या वॉशरमधून मिनिटाला केवळ १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप पाणी झिरपत असेल, तर दिवसाला १४४ लिटर जातं. सगळी बचत गिळून वर तोटा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटरचं मानक धरतात, त्याहून हे जास्त आहे. ना आवाज, ना ओल, भांड्याच्या मागच्या बाजूनं पातळ पडदा ओघळत राहतो. म्हणून या लेखात बटनापेक्षा वॉशरवर आणि शेवटच्या तपासणीवर जास्त बोललो आहे.

आणखी एक. टाकी प्लॅस्टिकची आहे, पिवळी पडली आहे आणि दाबली की करकरते, तर तिच्यात नवा किट घालू नका. नट आवळताना तिचा तळ तडकू शकतो. किटची आणि अख्ख्या नव्या टाकीची किंमत शेजारी ठेवून बघा, अशा वेळी नवी टाकीच परवडते.

मापं

दुकानात जाऊन "फ्लशचा किट द्या" म्हणालात तर समोर असेल तो किट मिळेल. जाण्यापूर्वी पुढची मापं मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि मोबाइलवर आतले फोटो काढा.

टाकीच्या तळाच्या भोकाचा व्यास सगळ्यात महत्त्वाचा. नट न काढता तो नेमका कळत नाही, तेव्हा शक्य असेल तर जुना सायफन काढून सोबतच न्या. नव्या व्हॉल्व्हच्या शेपटीचे आटे भोकातून सहज उतरले पाहिजेत, आणि त्याचा वॉशर भोकाच्या कडेपलीकडे सगळीकडून पुरेसा पसरला पाहिजे. भिंतीवरच्या टाकीत त्याच शेपटीला खालचा फ्लश पाइप जोडायचा असतो, म्हणून त्या पाइपचंही माप घ्या.

मग आतली उंची: तळापासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत. बहुतेक व्हॉल्व्ह कमी-जास्त उंच करता येतात, पण त्यांनाही मर्यादा असते. बसक्या टाकीत उंच व्हॉल्व्ह बसत नाही आणि झाकण अधांतरी राहतं.

तिसरं माप बहुतेक जण विसरतात, आणि तेच पुढे छळतं. बटनाच्या व्हॉल्व्हमध्ये मधोमध ओव्हरफ्लोची नळी असते. पाणी प्रमाणाबाहेर चढलं तर ते या नळीतून भांड्यात उतरतं. या नळीचं तोंड हँडलच्या भोकापेक्षा खाली असायलाच हवं. ते वर राहिलं, तर फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग) बिघडेल त्या दिवशी पाणी नळीतून न जाता हँडलच्या भोकातून बाहेर येईल आणि बाथरूमभर पसरेल. तेव्हा तळापासून हँडलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि ओव्हरफ्लोचं तोंड त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली येईल असा किट निवडा.

शेवटी बटनाची जागा. प्लॅस्टिकच्या झाकणाला भोक पाडता येतं. चिनीमातीच्या झाकणाचं काम नाजूक आहे. केबलवर चालणारा किट मिळाला तर बटन व्हॉल्व्हच्या नेमकं वर असण्याची गरज नसते, आणि हँडलचं भोक पुरेसं मोठं असेल तर बटन तिथेच बसवून झाकणाला हातही लावावा लागत नाही. असा किट दिसला तर मी तोच घेईन.

खरेदीला गेलातच तर काही सुट्या वस्तूही आणा: हँडलच्या भोकाला बंद करणारं प्लॅस्टिकचं बूच, टेफलॉन टेप, नवा कनेक्शन पाइप. टाकी कमोडवरच बसलेली असेल तर टाकी आणि भांडं यांच्यामधला जाड फोमचा वॉशर आणि पितळी किंवा स्टीलचे दोन बोल्ट. जुना फोम एकदा दबला की परत फुलत नाही. तो पुन्हा वापरून पैसे वाचवू नका.

पाणी बंद करून टाकी उतरवणं

टाकीच्या खालचा अँगल कॉक बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम असतो. त्याला मोठा पाना लावून हिसका देऊ नका, आतली दांडी तुटली तर पाणी थांबवायला काहीच उरत नाही. बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, तोही नसेल तर गच्चीवरचा. त्या लाइनवर शेजारी असतील तर त्यांना आधी सांगा.

फ्लश करून टाकी रिकामी करा, तळाशी उरलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. खाली बादली ठेवून कनेक्शन पाइप सोडवा.

भिंतीवरच्या टाकीत फ्लश पाइपचा नट बहुधा हातानं सुटतो. नट सुटला की टाकी बाजूच्या खिळ्यांवरून किंवा ब्रॅकेटवरून वर उचलून काढा. कमोडवरच्या चिनीमातीच्या टाकीला खालून दोन बोल्ट असतात. लोखंडी असतील तर गंजून एकजीव झालेले असतात. अशा वेळी पान्यानं झटापट करू नका. टाकी आणि भांडं यांच्या फटीत दोन्हीकडे जुना पुठ्ठा सरकवा आणि हॅकसॉचं नुसतं पातं घेऊन बोल्ट कापा. वेळ लागतो, पण चिनीमाती वाचते. टाकी सरळ वर उचला आणि उचलायला दुसरं माणूस घ्या. ठेवताना खाली गोणपाट किंवा जुनं ब्लँकेट अंथरा.

आता टाकी आडवी करून तळाचा मोठा नट सोडवा. खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं. सायफन आतून निघून येईल.

तळ साफ करणं

भोकाभोवतीच्या जागेवर नवा वॉशर बसणार आहे. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार तिथे खडबडीत पापुद्र्यासारखे जमलेले असतात. नखाला जाणवेल एवढा खडबडीतपणासुद्धा पाण्याला वाट देतो. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं त्या जागेवर तासभर ठेवा, मग प्लॅस्टिकच्या घासणीनं घासा. व्हिनेगरही चालतं. संडासाचं ॲसिड इथे वापरू नका, ते धातूचे भाग खातं, आणि चुकून ब्लीचिंगशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. जुन्या प्लंबरनं सफेदा किंवा सिलिकॉन थापलेलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा. शेवटी कोरड्या कापडानं पुसून भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला काही लागत नाही अशी खात्री झाली की पुढे जा.

नवा व्हॉल्व्ह

किटमधला मोठा रबरी वॉशर (भोक बंद करणाऱ्या बुडाच्या वॉशरहून हा वेगळा) व्हॉल्व्हच्या शेपटीवर चढवा, व्हॉल्व्ह आतून भोकात उतरवा आणि बाहेरून नट लावा. वॉशर आतल्या बाजूनं, नट बाहेरून, मध्ये टाकीचा तळ. किटच्या कागदावर वेगळं काही दाखवलं असेल तर कागदाचं ऐका.

इथे टेफलॉन टेप लावू नका, सफेदा-सुतळी नको, सिलिकॉन नको, एम-सीलही नको. या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, दबलेला वॉशर अडवतो. वर काही थापलं तर वॉशर सरकतो आणि सपाट बसत नाही. नट हातानं पूर्ण आवळा, मग पान्यानं पाव फेरा. बस्स. प्लॅस्टिकचे आटे याहून जास्त सहन करत नाहीत, आणि चिनीमातीचा तळ तर अजिबात नाही. आवळताना दुसऱ्या हातानं आतला व्हॉल्व्ह धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि वॉशर मुरगळतो.

व्हॉल्व्ह अगदी उभा आहे ना ते चारही बाजूंनी बघा. मग पाणी भरणाऱ्या फ्लोटकडे वळा. जुन्या टाकीत लांब दांडीचा बॉलकॉक असतो, आणि त्याचा गोळा नव्या व्हॉल्व्हला घासतो. कधी घासून अर्ध्यावर अडकतो आणि पाणी थांबतच नाही. जागा पुरत नसेल तर बॉलकॉक काढून उभा फ्लोट व्हॉल्व्ह घाला. वरच्या मजल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली राहत असाल तर दुकानात तसं सांगा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो, तुमच्याकडे तीनच मीटर असेल तर ०.३ किलो. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह घेतला नाही तर टाकी भरायला फार वेळ लागतो. कनेक्शन पाइपच्या टोकाला आत रबरी वॉशर असतो, तिथे टेपची गरज नाही. अँगल कॉक नवा बसवत असाल तर भिंतीत जाणाऱ्या त्याच्या आट्यांवर मात्र टेप हवी.

झाकणाला भोक

भोकाची जागा डोळ्यांनी ठरवू नका. टाकी परत जागेवर बसवा, व्हॉल्व्हच्या वरच्या टोकावर रंगीत टूथपेस्टचा ठिपका लावा, झाकण नेहमीसारखं ठेवून हलकं दाबा आणि उचला. झाकणाच्या आत उमटलेली खूण हाच भोकाचा मध्य. झाकणाला आत प्लॅस्टिकच्या उभ्या फासळ्या असतात, खूण नेमकी फासळीवर आली तर ती कापावी लागेल हे धरून चाला.

प्लॅस्टिकला होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं, लावायचा. बटनाच्या नळकांड्याचा व्यास मोजून त्याहून एखाद-दुसरा मिलिमीटर मोठा घ्या. झाकणाखाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि ड्रिल हळू चालवा, वेगानं फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कड वाकडी होते. कडा पॉलिश पेपरनं घासा.

चिनीमातीचं झाकण असेल तर ते स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटला नळासाठी भोक पाडून देणारे कारागीर असतात. त्यांच्याकडे डायमंडचा होलसॉ आणि पाणी सोडत कापण्याची सवय असते. झाकण आणि बटन दोन्ही घेऊन त्यांच्याकडे जा. तरीही तडकण्याचा धोका राहतो, तो आधीच मान्य करा.

झाकण सैल असेल तर बटन दाबताना ते सरकतं. बऱ्याच बटनांना खालून रिंग असते, ती आवळल्यावर बटन झाकणाला पक्कं धरतं. काही किटमध्ये झाकण व्हॉल्व्हलाच आवळलं जातं.

बटनाखालच्या दांड्या कापताना आधी थोड्या लांब ठेवा आणि मग थोडं थोडं कापत या. झाकण बसवल्यावर बटन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे. दांडी लांब राहिली तर बटन कायम अर्धवट दाबलेलं राहतं आणि पाणी अखंड वाहतं. नव्या बटनाच्या टाकीतून पाणी वाहत असेल तर वॉशरवर शंका घेण्याआधी झाकण उचलून बघा. वाहणं थांबलं तर दोष दांडीचा.

हँडलचं भोक बुचानं बंद करा. बंद नसलेल्या टाकीत डास शिरतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि सुट्टीत बंद राहिलेल्या घराची फ्लश टाकी त्याला आयती मिळते. टाकीला बाहेर पाणी सोडणारा जुना ओव्हरफ्लो पाइप असेल तर तो मात्र बंद करू नका, फक्त त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. त्यातून पाणी जमिनीवर पडलं की बिघाड लगेच दिसतो. व्हॉल्व्हच्या आतल्या नळीतून गेलेलं पाणी कुणाला दिसत नाही.

पाणी सोडून तपासणी

कॉक हळूहळू उघडा. टाकी भरत असताना प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर लावून बघा, बारीक ओल डोळ्यांना दिसत नाही पण कागदाला कळते. तळाच्या नटाला ओल असेल तर आणखी थोडंसं आवळा. तरीही थांबली नाही तर अजून आवळत बसू नका, पाणी काढून वॉशर पुन्हा बसवा.

पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली दोन सेंटिमीटरच्या आसपास थांबवा. मग फ्लशचं माप ठरवा. इथे जुन्या भांड्याची परीक्षा असते. १० लिटरच्या टाकीसाठी घडवलेलं भांडं ६ लिटरनं साफ होईलच असं नाही, आणि भारतीय पद्धतीच्या संडासाला तर जोरदार लोट लागतो. कागदाचे चार-पाच बोळे टाकून मोठा फ्लश करून बघा. बोळे राहिले तर व्हॉल्व्हवरची माप ठरवणारी पट्टी जास्त पाण्यावर सरकवा. एका फ्लशऐवजी दोन करावे लागले तर बचत उरत नाही.

आता खरी तपासणी. कपड्यांना घालायची नीळ टाकीत थोडी टाका, अर्धा तास कुणी फ्लश करू नये अशी घरात सूचना द्या, आणि मग भांड्यातलं पाणी बघा. ते निळसर झालं नाही तर काम उत्तम झालं. झालं असेल तर पाणी दोनच वाटांनी आलेलं असतं, आणि कुठल्या वाटेनं ते असं ओळखायचं: टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करा, अँगल कॉक बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी खुणेखाली गेली असेल तर बुडाचा वॉशर गळतो. पातळी तिथेच असेल तर वॉशर चांगला आहे, फ्लोट वेळेत बंद न झाल्यानं पाणी ओव्हरफ्लोतून उतरत होतं. तिथे फ्लोटची पातळी कमी करा.

वॉशर गळत असेल तर बहुतेक वेळा त्याच्याखाली वाळूचा कण किंवा प्लॅस्टिकचा भुसा अडकलेला असतो, झाकणाला भोक पाडताना उडालेला. व्हॉल्व्हचा वरचा भाग बऱ्याच किटमध्ये पाव फेरा फिरवला की सुटून हातात येतो. वॉशर आणि त्याची बैठक पुसून परत लावा.

हीच साफसफाई वर्षातून एकदा करा, बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांनी, आणि दर वेळी निळीची तपासणीही. किट घेताना त्याच मापाचा एक सुटा वॉशर घेऊन ठेवा. काही वर्षांनी तो कडक होईल तेव्हा त्या कंपनीचा तोच नमुना दुकानात मिळेल याची खात्री नसते.